स्टेजवर बीट वाजवायला काय घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाइव्ह बीट वाजवणाऱ्यांकडून आणि वाजवायच्या तयारीत असलेल्यांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्यापासून आहे, शेवटी अडचणीचे येतात. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ड्रम मशीन, सॅम्पलर, ग्रूव्हबॉक्स, कंट्रोलर... एवढी नावं ऐकून गोंधळ होतो. फरक काय?

ड्रम मशीनमध्ये ठेक्याचे आवाज आधीपासून असतात. कुठला आवाज कुठे पडणार एवढंच तुम्ही भरता. १९८० साली आलेलं रोलंडचं टीआर-८०८ हे आवाज सर्किटमधून तयार करायचं, तर त्याच वर्षीच्या लिन एलएम-१ मध्ये खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने भरलेले होते. सॅम्पलरमध्ये आवाज तुम्ही आणायचे, मग तो ढोलाचा ठोका असो, दाराची कडी असो की स्वतःची शिट्टी. ग्रूव्हबॉक्समध्ये आवाज, सिक्वेन्सर (ठोक्यांचा क्रम भरून तो वाजवणारा भाग) आणि इफेक्ट असं सगळं एकाच डब्यात मिळतं.

कंट्रोलरमध्ये मात्र आवाजच नसतो. पॅड दाबलं की तो 'अमुक पॅड, अमुक जोरात' एवढा निरोप कॉम्प्युटरला देतो आणि गप्प बसतो. नव्यानं घेणारे बरेच जण इथे फसतात. कंट्रोलर घरी येतो, स्पीकरला जोडायला जावं तर वायर खोचायला भोकच सापडत नाही.

२. सॉफ्टवेअर घेऊ की हार्डवेअर?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि विचारणारे बहुतेक जण फीचरांची यादी समोर धरून विचारतात. यादी बाजूला ठेवा. तुमचं एक गाणं घ्या आणि ते वाजताना तुमचे हात नेमकं काय करणार आहेत, ते ओळीनं कागदावर लिहा. 'किक (पायाचा मोठा ड्रम) बंद करतो, दोन आवर्तनांनी परत आणतो, गायिकेचा आवाज पकडून लूप करतो, शेवटी सगळ्यावर फिल्टर फिरवतो.' अशा सहा-सात ओळी होतील. तुम्हाला निवडायचं आहे ते या ओळींतली कामं ज्यावर न बघता करता येतील असं साधन.

लॅपटॉपची ताकद त्याच्या आवाक्यात आहे. कितीही ट्रॅक घ्या, हवे ते प्लगइन (वरून जोडायचे वाद्यांचे आणि इफेक्टचे छोटे प्रोग्रॅम) घाला, ड्रमरच्या कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) वेगळा आणि बाहेर वेगळं मिक्स पाठवा, तो सगळं निभावतो. पण तो यंत्र म्हणून वाद्य नाही. माउसनं स्टेजवर काही वाजत नाही, म्हणजे कंट्रोलर हवा, आवाज बाहेर काढणारा ऑडिओ इंटरफेस हवा, आणि तीन वस्तू म्हटल्या की तीन ठिकाणी बिघडायची सोय आली. हार्डवेअरचं उलट. त्याला ठरावीकच कामं येतात, पण प्रत्येक कामाचं बटण कायम त्याच जागी असतं. दोन महिन्यांत बोटांना त्या जागा पाठ होतात आणि तुम्ही मान वर करून समोरच्या माणसांकडे बघू लागता.

माझा कल सांगतो. एकट्यानं वाजवणार असाल आणि गाणी ठेक्यावर उभी असतील, तर हार्डवेअर घ्या. बँडसोबत असाल, भरलेले ट्रॅक आणि क्लिक सांभाळायचे असतील, तर लॅपटॉप. कागदावरच्या ओळी तीनच निघाल्या, तर बहुधा दोन्हींची गरज नाही. फोनसुद्धा पुरेल (प्रश्न ८ पाहा).

३. घरी ज्या सॉफ्टवेअरवर बीट बनवतो तेच स्टेजवर वापरलं तर?

वापरता येतं, पण प्रोजेक्ट तोच वापरू नका. घरच्या प्रोजेक्टमध्ये चाळीस ट्रॅक आणि ढीगभर प्लगइन असतात. स्टेजवर हातानं ज्याला हात लावणार नाही, त्या सगळ्याच्या ऑडिओ फायली करून टाका. किक, बाकीचे ड्रम, बास, सूर आणि आवाज असे पाच-सहा गट बाहेर काढले की कॉम्प्युटरवरचा भार एकदम उतरतो.

४. मग लाइव्हसाठी कोणतं सॉफ्टवेअर?

एबलटन लाइव्ह २००१ मध्ये आलं ते स्टेज डोळ्यांसमोर ठेवूनच, आणि अजूनही तिथे त्याचंच वजन जास्त आहे. त्यातल्या सेशन व्ह्यूमध्ये गाण्याचे तुकडे (त्यांना क्लिप म्हणतात) चौकटींत मांडलेले असतात. चौकट कधीही दाबा, तुकडा पुढच्या समेवरच सुरू होतो. बोट जरा आधी पडलं तरी ठेका मोडत नाही. २०१४ पासूनचं बिटविग स्टुडिओ याच वळणाचं आहे. एफएल स्टुडिओत परफॉर्मन्स मोड आहे; बीट बनवायला ते सॉफ्टवेअर फार मोकळं वाटतं, पण स्टेजवर मला ते हातात नीट बसलं नाही. तुमचा हात त्याच्यावर बसलेला असेल तर माझ्या मतासाठी बदलू नका. फक्त कीबोर्डचे आवाज हवे असतील आणि मॅक असेल, तर ॲपलचं मेनस्टेज पाहा.

मोफत किंवा छोट्या आवृत्तीत ट्रॅकची संख्या मर्यादित असते. लाइव्ह वाजवायला ती अडत नाही. आठ ट्रॅकपलीकडे एका माणसाच्या हाताला काही झेपत नाहीच.

५. लॅपटॉप किती ताकदीचा लागतो?

प्रश्न ३ मध्ये सांगितलं तसं केलं, तर मध्यम ताकदीचा पुरतो. मेमरी १६ जीबी आणि आत एसएसडी असावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो लॅपटॉप कार्यक्रमात दुसरं काही करत नसावा. वायफाय आणि ब्लूटूथ बंद, सूचना बंद, आपोआप होणारे अपडेट बंद, पॉवर सेटिंग पूर्ण कामगिरीवर, आणि यूएसबीला झोपवणारी सोय बंद. वायफायला एकच अपवाद आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

६. पॅड दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. लॅपटॉप बदलू का?

थांबा. आधी बफर बघा. कॉम्प्युटर आवाज एकेक नमुना पाठवत नाही, गठ्ठ्यानं पाठवतो, आणि त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ चा गठ्ठा भरायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.८ आणि ६४ ला जेमतेम १.५. यात ड्रायव्हर आणि यूएसबीचे आणखी काही मिलिसेकंद मिळवा. ड्रम वाजवणाऱ्या हाताला एकूण १० च्या आत असलं की बरं वाटतं, २० च्या पुढे गेलं की चिखलात चालल्यासारखं होतं. बफर १२८ वर आणून बघा. आवाज तडतडला तर २५६.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरानं बाहेर काढणारा) आहे ना, ते पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मॅकला त्याच कामाचं कोअर ऑडिओ आधीच असतं. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकरवर पॅड वाजवून 'उशीर होतो' म्हणत असाल, तर त्यावर इलाज नाही. तिथला उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. वायरच लावा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मॉनिटर स्पीकर (तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणारा) तुमच्यापासून तीन मीटरवर असेल, तर तिथेच जवळपास ९ मिलिसेकंद गेले. घरी हेडफोनवर छान वाटलेलं स्टेजवर ढिलं वाटतं त्यात पुष्कळदा या अंतराचा हात असतो. मॉनिटर जवळ ओढून घ्या.

७. कॉम्प्युटरशिवाय चालणाऱ्या मशीनपैकी कुठलं माझ्यासाठी?

स्वभावानुसार सांगतो.

बोटांनी जिवंत वाजवायचं असेल तर एमपीसी. रॉजर लिन यांनी अकाईसाठी रचलेलं एमपीसी६० हे १९८८ चं. चार गुणिले चार अशी सोळा पॅडची मांडणी त्यानं रूढ केली आणि आजही बहुतेक पॅड-मशीन त्याच नकाशावर बनतात. आताच्या एमपीसी वन किंवा एमपीसी लाइव्हमध्ये अख्खं स्टुडिओ भरलेलं आहे. हाच त्यांचा दोषही आहे. टचस्क्रीनवर पानांमागून पानं उघडतात, आणि गाण्याच्या मध्यावर पान हरवलं की घाम फुटतो. त्याच घराण्यातलं म्हणावं तर नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं मशीन प्लस.

पॅटर्न (ठेक्याचा रचलेला नमुना) चालू ठेवून तो सतत बदलत राहायचं असेल तर एलेक्ट्रॉनचं डिजिटॅक्ट. त्यात प्रत्येक स्टेपला (पॅटर्नमधल्या एकेका घराला) वेगळा फिल्टर, वेगळा सूर, वेगळं सॅम्पल देता येतं. पहिल्या डिजिटॅक्टमध्ये आठ ऑडिओ ट्रॅक आणि ६४ स्टेप. २०२४ च्या डिजिटॅक्ट टूमध्ये सोळा ट्रॅक आणि १२८ स्टेप. शिकायला वेळ घेतं. पहिले पंधरा दिवस तुम्ही त्याला शिव्या द्याल.

लूप, तुकडे आणि इफेक्टची मजा हवी असेल तर रोलंड एसपी-४०४. २००५ पासून हे नाव चालत आलं आहे. २०२१ च्या एमके टूमध्ये नुकतंच वाजलेलं, रेकॉर्ड बटण न दाबता, मागे जाऊन पकडण्याची सोय आहे. लाइव्हमध्ये ती फार कामाची ठरते. मात्र घड्याळावर आखलेली लांब गाणी त्यावर रचायला जाऊ नका.

शुद्ध ड्रम हवे असतील आणि प्रत्येक आवाजाला आपला फेडर (कमी-जास्त करायची सरकपट्टी) हवा असेल तर रोलंडचं टीआर-८एस. अकरा आवाज, अकरा फेडर, समोर उघडे. सतत मिक्स करत वाजवणाऱ्याला याहून सरळ काही नाही.

सगळं घरून लॅपटॉपवर रचलंय आणि तेच जसंच्या तसं बाहेर न्यायचंय, तर एबलटनच्या २०२३ च्या पुश थ्रीची स्वतंत्र चालणारी आवृत्ती. एबलटन लाइव्हचे सेट त्यात उघडतात, पण तुम्ही वापरलेले बाहेरचे प्लगइन चालत नाहीत. हे घ्यायच्या आधी लक्षात आलं तर बरं.

८. फोन किंवा टॅबलेटवर गंभीरपणे लाइव्ह वाजवता येतं का?

येतं. कोआला सॅम्पलर हे फोनवरचं ॲप कित्येक महागड्या डब्यांपेक्षा चपळ आहे. अडचण ॲपची नसते, जोडणीची असते. आवाज बाहेर काढायला यूएसबी इंटरफेस आणि त्याच वेळी चार्जिंग, दोन्ही एका भोकातून, म्हणून वीज आत घेणारा हब लागतो. फोन विमान मोडवर टाका. हे विसरलात तर तुमच्या ड्रॉपच्या (ठेका जोरात परत येतो त्या क्षणाच्या) जागी रिंगटोन वाजेल, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल.

९. मी ड्रमर आहे. बोटांनी नाही, काठीनं वाजवायचंय.

मग वरची पॅड विसरा, ती काठीसाठी नाहीत. रोलंडची ऑक्टापॅड मालिका १९८५ पासून आहे. स्वतःचे सॅम्पल घालायचे तर एसपीडी-एसएक्स किंवा तशी दुसरी सॅम्पलिंग पॅड बघा. पॅड हातात घेऊन एक गोष्ट तपासा. एका पॅडवर जोरात मारल्यावर शेजारचं आपोआप वाजतं का? वाजत असेल तर सेटिंगमधून ते आटोक्यात आणता येतं का?

१०. किती पॅड पुरेत?

सोळा. आठांवर उत्तम वाजवणारे पाहिले आहेत. ६४ पॅडचा लाँचपॅड क्लिप सुरू करायला आहे. बोटांनी ठेका धरायला तो केलेला नाही.

११. बॅटरीवर चालणारं घेण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि तो बागेत बसून वाजवण्यापुरता नाही. स्टेजवर कुणाच्या पायानं प्लग निघाला तरी मशीन बंद पडत नाही. एमपीसी लाइव्हला बॅटरी आहे, एमपीसी वनला नाही. एसपी-४०४ एमके टू सहा एए सेलवर चालतं. एबलटन मूव्ह एका चार्जवर चार तासांपर्यंत जातं असं कंपनी सांगते. बॅटरीचा दुसरा उपयोग गुणगुण थांबवण्यात होतो, तो प्रश्न १६ मध्ये.

१२. दोन मशीन, किंवा एक मशीन आणि लॅपटॉप, एका लयीत कसे ठेवू?

दोन्हींवर १२० लिहिलं म्हणजे दोन्ही एका लयीत, असं नसतं. एक प्रत्यक्षात १२०.१ वर चालत असेल, तर पाच मिनिटांत अर्ध्या मात्रेचा फरक पडतो. किक आणि टाळी एकमेकांच्या बरोबर उलट्या पडायला लागतात. म्हणून एकानं लय द्यायची आणि बाकीच्यांनी ती घ्यायची.

जुना आणि अजूनही खात्रीचा मार्ग म्हणजे मिडी क्लॉक (मिडी ही वाद्य-यंत्रांनी एकमेकांना निरोप द्यायची ठरलेली पद्धत). १९८३ पासून तो आहे आणि दर मात्रेला २४ ठिपके पाठवतो. देणाऱ्यावर 'क्लॉक पाठव' चालू करा, घेणाऱ्यावर 'बाहेरचं क्लॉक घे'. दोघांवर दोन्ही चालू ठेवलं तर निरोप गोल फिरत राहतो आणि लय पिसाळते. देणारा कोण असावा? ज्याचं स्टार्ट-स्टॉप तुम्ही स्वतः दाबणार आहात तो. लॅपटॉप आणि हार्डवेअर जोडीला असतील तर मी शक्यतो हार्डवेअरला देणारा करत नाही, कारण लाइव्हसारखी सॉफ्टवेअरं बाहेरच्या क्लॉकमागे धावताना थोडी थरथरतात. लॅपटॉप देईल, डबा घेईल.

दुसरा मार्ग एबलटन लिंक. २०१६ पासूनचा. एका नेटवर्कवरची साधनं आपसांत लय आणि सम जुळवून घेतात, कुणी मालक नसतो. घरी झकास चालतं. कार्यक्रमाच्या जागचं वायफाय मात्र वापरू नका. आपला छोटा राउटर न्या, किंवा नेटवर्कची केबल लावा.

तिसरा मार्ग छोट्या मशीनसाठी. कॉर्ग वोल्का किंवा पॉकेट ऑपरेटरसारखी खेळकर यंत्रं साध्या ३.५ मिमी वायरीवरून ठोके घेतात. वोल्का दर मात्रेला दोन ठोके धरतं. पाठवणारं मशीन चार देत असेल, तर वोल्का दुप्पट वेगानं पळेल. घाबरू नका, सेटिंगमध्ये आकडा बदला.

वायरीबद्दल एक जपा. ३.५ मिमी जॅकवरून मिडी देणाऱ्या मशीनमध्ये टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार निघाले. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, पण नोव्हेशन आणि आर्टुरियाची काही आधीची मशीन टाइप बी आहेत. वायर बरोबर बसते आणि तरी काहीच होत नाही, तेव्हा संशय इथे घ्या.

१३. क्लॉक जुळलंय, तरी दोन मशीनचा झोल (स्विंग) वेगळा येतो. असं का?

कारण क्लॉकमधून स्विंग जात नाही. क्लॉक फक्त सरळ ठिपके देतं. त्यातला दुसरा ठोका किती मागे ओढायचा हे प्रत्येक मशीन आपापलं ठरवतं. एमपीसी ५० टक्क्यांना सरळ म्हणतं आणि ६६ च्या आसपास तीन भागांचा झोल येतो. दुसऱ्या मशीनवर शून्य म्हणजे सरळ असेल. आकड्यावर विसंबू नका. दोन्हींवर नुसतं हाय-हॅट लावा आणि दोन ठोके एक होईपर्यंत कानानं जुळवा. कंटाळा येत असेल तर झोल एकाच मशीनला द्या आणि दुसऱ्यावर फक्त मात्रेवर पडणारे आवाज ठेवा.

हिप-हॉप निर्माता जे डिलासारखा डळमळता, माणसाळलेला ठेका हवा असेल, तर तो स्विंगच्या आकड्यात शोधू नका. क्वांटाइज (ठोके आपोआप सरळ जागी बसवणारी सोय) बंद करून हातानं वाजवावा लागतो.

१४. आमचा ड्रमर क्लिकवर वाजवत नाही. माझी बीट त्याच्यासोबत कशी राहील?

तीन वाटा आहेत. पहिली, त्याला क्लिकची सवय लावणं: चार आउटपुटचा इंटरफेस घ्या, पहिल्या दोनांतून संगीत बाहेर आणि तिसऱ्यातून क्लिक फक्त त्याच्या कानात. दुसरी, एबलटन लाइव्हच्या अकराव्या आवृत्तीपासून असलेली, समोरचा ठेका ऐकून लय बदलण्याची सोय. किकवरचा माइक स्वच्छ असेल तर ती चालते, पण ड्रमरची भरणी (फिल) जोरात झाली की भरकटते. तिसरी, आणि बहुतेक बँडांसाठी मी हीच सांगतो: लूप सोडा. लांब लूपऐवजी एकेका दाबाचे आवाज पॅडवर ठेवा आणि ते त्याच्याबरोबर हातानं वाजवा. मग लय कितीही हलली तरी तुम्ही तिच्यातच असता.

लय चढत जाणारं गाणं असेल तर लांब लूप ताणला-दाबला जातो आणि आवाज फाटका होतो. लूपचे ठोक्यागणिक तुकडे करून ठेवले की तुकडे जवळ येतात, आवाज तसाच राहतो.

१५. सात किंवा दहा मात्रांचं आवर्तन सोळा स्टेपच्या मशीनवर बसेल का?

बसेल. मात्रेला चार स्टेप धरा. सात मात्रांना २८ लागतात, दहांना ४०. डिजिटॅक्टवर पॅटर्नची लांबी थेट तेवढी करा. टीआर-८एसवर सोळा-सोळाचे भाग जोडून शेवटच्या भागाची शेवटची स्टेप आखडती घ्या. मात्रेला दोन स्टेप पुरत असतील तर सात मात्रा चौदा स्टेपमध्येच मावतात. एबलटन लाइव्हमध्ये टाइम सिग्नेचर (मात्रांची मांडणी) ७/४ केली नाहीत, तर क्लिप चार मात्रांच्या समेवर सुरू होत राहतील. ठेका बरोबर आणि सम चुकलेली, असा विचित्र प्रकार होतो. एकच ट्रॅक सातचा आणि बाकी आठचे ठेवायचे असतील, तर ट्रॅकची लांबी वेगवेगळी ठेवू देणारं मशीनच घ्या.

१६. साउंडवाल्याला काय द्यायचं? आणि ती गुणगुण कुठून येते?

शक्य असेल तर किक-बास एका जोडीत आणि बाकी दुसऱ्या जोडीत द्या. हॉलमध्ये किक किती हवी हे तुम्हाला स्टेजवरून कळत नाही, त्याला कळतं. एकच जोडी असेल तर घरी आधीच किक जरा आवरून ठेवा. बऱ्याच ठिकाणी सगळं मोनोत मिसळतं, तेव्हा आपलं मिक्स एकदा मोनोत ऐका. रुंद पसरलेला बास मोनोत गायब होताना पाहिला आहे.

मशीनच्या साध्या जॅकमधून लांब वायर ओढू नका. पाच-सहा मीटरपुढे डीआय बॉक्स (लांब वायरीसाठी सिग्नल तयार करणारा छोटा डबा) लावा. गुणगुण बहुधा लॅपटॉपचा चार्जर, यूएसबी आणि मिक्सर यांच्या अर्थिंगच्या फेऱ्यातून येते. चार्जर काढून बघा. थांबली तर तेच कारण. मग डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा, किंवा मशीन बॅटरीवर चालवा. मिडीच्या जुन्या पाच पिनांच्या जोडणीत आतून प्रकाशानं निरोप जातो, त्यामुळे तिथून गुणगुण येत नाही, यूएसबीतून येते. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, ती तुमच्या जिवासाठी आहे.

१७. मध्येच सगळं बंद पडलं तर?

पडेल, असं धरूनच तयारी करा. एकदा मी दुसऱ्या गाण्याचा प्रोजेक्ट उघडला आणि निम्मी सॅम्पलं गायब. बाहेरची डिस्क घरी टेबलावर राहिली होती. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून प्रोजेक्ट सेव्ह करताना सगळ्या फायली त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये गोळा करून ठेवतो. एबलटन लाइव्हमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे. मग बाहेरच्या डिस्कशिवाय तो फोल्डर उघडून बघतो. उघडला तरच झालं.

दुसरी तयारी म्हणजे शांतता भरायला काहीतरी. फोनमध्ये किंवा छोट्या सॅम्पलरमध्ये दोन मिनिटांचा एक लूप ठेवा आणि तो मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला आधीच जोडून ठेवा. लॅपटॉप परत उठेपर्यंत तो वाजतो, लोकांना वाटतं मध्यंतरीचा भागच आहे. हार्डवेअरवाल्यांनीही खूश होऊ नये. वीज गेली की काही मशीनमध्ये सेव्ह न केलेला पॅटर्न जातो. साउंडचेक झाला की सेव्ह करा, आणि मेमरी कार्डाची दुसरी प्रत खिशात ठेवा.

१८. सेकंडहँड मशीन घेताना काय बघू?

सगळी पॅड हळू आणि जोरात, दोन्ही मारून बघा. गोल बटणं सावकाश फिरवा. आकडा मागे-पुढे उडत असेल तर एन्कोडर थकलेला आहे. जॅक हलवून खरखर ऐका. अडॅप्टर मूळचा आहे का ते विचारा, कारण काही मशीनला मधली पिन ऋण लागते, काहींना धन, आणि उलट लावला तर मशीन जळू शकतं. जुनं मॉडेल म्हणून नाक मुरडू नका. नव्या आवृत्तीतलं जे त्यात नाही, ते तुमच्या कामाचं आहे का, एवढंच पाहा (प्रश्न २ मधला कागद).

१९. दुसऱ्यांच्या गाण्यातले तुकडे स्टेजवर वाजवले तर चालतं?

कार्यक्रमाच्या जागेकडे सार्वजनिक वादनाचा परवाना असला, तरी तो तुमच्या रेकॉर्डिंगला लागू होत नाही. तोच सेट रेकॉर्ड करून टाकला की मूळ रेकॉर्डिंगच्या आणि रचनेच्या, अशा दोन्ही हक्कांचा प्रश्न येतो. 'चार सेकंदांपर्यंत चालतं' हा नियम कुठेही नाही, तो ऐकीव आहे. सेट पुढे प्रसिद्ध करायचा असेल तर आवाज स्वतः रेकॉर्ड करा किंवा परवाना असलेले वापरा.

२०. आधी भरलेलं वाजवलं तर ती फसवणूक नाही का? मित्र चिडवतात.

काही भाग भरलेला असणं यात मला काही वाईट वाटत नाही. चार हात कुणालाच नसतात. माझी कसोटी साधी आहे. आज तुम्ही नसता आणि मशीन एकटंच असतं, तर कार्यक्रम असाच झाला असता का? 'हो' असेल तर सेटमधल्या दोन-तीन गोष्टी भरलेल्यातून काढून हातावर घ्या. सुरुवात गाळण्यापासून करा: कधी काय बंद करायचं हे तुम्ही ठरवायला लागलात की ऐकणाऱ्यांना ते लगेच जाणवतं.

२१. कार्यक्रमाच्या आठवड्यात नवीन अपडेट आलंय. टाकू?

नको.

२२. साउंडचेकला पाचच मिनिटं मिळतात. काय वाजवू?

सेटमधला सगळ्यात जोरात वाजणारा भाग आधी, मग आवाज आणि ठेका एकत्र येतो तो भाग, शेवटी सगळ्यात शांत. पहिल्यानं पातळी ठरते, दुसऱ्यानं तोल कळतो, तिसऱ्यात गुणगुण उघडी पडते. मधल्या वेळात पॅडवर नवीन काही करून बघू नका. मास्टर व्हॉल्यूम कुठे ठेवलाय तिथे चिकटपट्टीची खूण करा, कारण गडबडीत त्याला कुणाचा तरी हात लागतोच.